राजा कुणाकडे बघतोय?

"मीठ वाढलं नाहीस," नवरा म्हणाला.

तो हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचा पहिला रविवार होता. मी हौसेने साग्रसंगीत स्वयंपाक केला होता. एरवी इथे परदेशात, आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये, एवढं कोण करतं? दोघांच्या नोकऱ्या, मुलीची शाळा, त्यामुळे कुकरमधून थेट बशीत, नाहीतर खालच्या हॉकर सेंटरमधून काहीतरी बांधून. पण त्या दिवशी मी सणावाराची ताटं काढली आणि आईने शिकवलं होतं तसं पान वाढलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, बटाट्याची भाजी उजवीकडे आणि मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, तूप.

"वाढलंय की," मी म्हटलं.

"कुठे?"

"जिथे असतं तिथे."

त्याने ताट नीट पाहिलं. "नाहीये. चटणी केलीस म्हणालीस, तीही नाही."

मला आधी वाटलं, स्वारी थट्टेच्या मूडमध्ये आली. चला, बरा होतोय. मी हसले आणि जेवायला लागले. जरा वेळाने तो म्हणाला, "भात संपला. आण अजून थोडा." मी मान वर केली. त्याच्या ताटातली भाजी संपली होती. भाताची मूद मधोमध सुरीने कापावी तशी अर्धी खाल्लेली होती. डावी अर्धी मूद तशीच्या तशी उभी होती, तुपासकट. तिच्या पलीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, मीठ, सगळं वाढलं होतं तसंच.

डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं असं नाही. मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झाला की कधीकधी माणसाची डावी बाजूच जाते. नुसता डावा हात-पाय लुळा पडतो असं नाही, तर जगाचीच डावी बाजू जाते. डोळे ठणठणीत असतात. समोर अंधार वगैरे काही नसतो. डावीकडे काही असतं हेच मुळी त्या माणसाच्या गावी नसतं. मी मान डोलावली होती. हॉस्पिटलमध्ये माणूस कशालाही मान डोलावतो. तिथे त्याला घड्याळ काढायला लावलं होतं, तेव्हा त्याने सुरेख गोल काढला आणि बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत आयुष्यभर हिशेब पाहिलेला माणूस तो, एकही आकडा सुटला नाही. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं होतं, आता सांगायला काय लाज.

घरी आल्यावर मात्र कौतुक करण्यासारखं काही उरलं नाही. तो उजव्या गालाची दाढी करायचा आणि आरशात बघून समाधानाने रेझर खाली ठेवायचा. शर्टाची डावी बाही पाठीमागे लोंबत असायची. मी डावीकडून बोलले तर ऐकू यायचं, पण कोण बोलतंय ते शोधायला तो उजवीकडे वळायचा. भेटायला येणाऱ्या आपल्या लोकांचा तर मला उबग आला होता. बँकेतले, विद्यापीठातले, सगळे लाडवाचे डबे घेऊन यायचे, त्याच्या उजवीकडच्या सोफ्यावर बसायचे, त्याच्याशी दहा मिनिटं छान गप्पा मारायचे आणि जाताना दारात मला म्हणायचे, "अगं, काही झालंय असं वाटतच नाही! पॉझिटिव्ह राहायचं." मी सगळ्यांना चहा दिला. त्यात काही कालवलं नाही, हेच माझ्या सहनशक्तीचं प्रमाणपत्र.

त्या रविवारनंतर मी माझ्या परीने उपाय केला. पान उलटं वाढायला लागले. मीठ, चटणी, कोशिंबीर उजवीकडे आणली आणि भाजी जरा पुढे सरकवली. आईने पाहिलं असतं तर ताट उचलून पुन्हा वाढायला लावलं असतं. पण तो पोटभर जेवला. "आज कसं झकास झालंय," म्हणाला. मग मला चेवच चढला. त्याचा चष्मा, फोन, ब्रश, पाण्याची बाटली, सगळं उजवीकडे गेलं. पलंग फिरवला, म्हणजे दार उजवीकडे येईल. मीही उजवीकडे बसायला लागले. घर आनंदी झालं.

थेरपिस्ट घरी आली ती बरोबर जेवायच्या वेळेला. इथलीच, चिनी, तिशीही गाठली नसेल, पण आवाजात जरब होती. तिने त्याचं ताट पाहिलं, मग माझं पाहिलं.

"आंटी, व्हाय हिज प्लेट डिफरंट?"

मी तिला अभिमानाने आमच्याकडची पद्धत समजावून सांगितली. पानाची डावी बाजू, उजवी बाजू, आणि मी कशी युक्तीने फिरवली ते. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

"देन हाउ विल ही नो समथिंग इज मिसिंग?"

तोंडात मारल्यासारखं झालं. तिने मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं. त्याचं काय हरवलंय हे त्याला ठाऊकच नाही, आणि तुम्ही असं घर मांडलंय की ते कधी कळणारही नाही. ज्याला हरवलंय हेच माहीत नाही तो शोधणार काय? आपलं काही दिसायचं राहून जातंय हे त्याला स्वतःला पटेपर्यंत कुठलाच व्यायाम लागू पडणार नाही, आणि हे पटायला पहिले काही महिनेच काय ते असतात. मग बाहेर येऊन तिने आमच्या जेवणाच्या टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टीची एक लांब रेघ चिकटवली. ती रेघ सापडेपर्यंत पहिला घास घ्यायचा नाही, असा त्याला नियम. आणि मला नियम असा की मी यापुढे कायम त्याच्या डावीकडे बसायचं. बोलायचं ते तिथूनच.

"मम्मा, जस्ट सिट राइट साइड लाह," मुलगी मला रात्रीच्या जेवणाला इथल्या बोलीत म्हणाली. "ही वॉज सो हॅपी."

ती सोळा वर्षांची, बापाच्या उजवीकडे बसून त्याच्याशी शाळेतलं काहीबाही बोलायची. तिच्यापुरता तिने प्रश्न सोडवला होता. मला तिचा राग आला आणि हेवाही वाटला. मी डावीकडे बसले. तेव्हापासून तो माझ्याशी बोलताना तिच्याकडे बघायला लागला. लाल रेघ तर तो न बघताच 'सापडली' म्हणायचा आणि घास उचलायचा.

तेव्हा मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगते. तो बरा व्हावा हे नंतरचं. मला एवढंच हवं होतं की काहीतरी दिसत नाहीये हे त्याला एकदा कळावं. माझी रजा संपत आली होती आणि त्याला घरी एकटं ठेवणं म्हणजे काय ते मी पाहिलं होतं. मेथी आणायला आम्ही लिटिल इंडियाला निघालो होतो, आणि मी ब्लॉकखाली मैत्रिणीशी दोन शब्द बोलायला थांबले. तो काठी टेकत पुढे गेला आणि रस्ता ओलांडायला लागला. आधी उजवीकडे बघितलं, अगदी शहाण्या मुलासारखं. पहिला अर्धा रस्ता त्याचा होता. दुसऱ्या अर्ध्यावर गाड्या डावीकडून येतात. बस कर्कश ब्रेक लावून थांबली, ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, आणि आमचे हे साहेब मजेत पलीकडे पोचून माझी वाट बघत उभे राहिले. "तुझा चेहरा का असा झालाय?" मला विचारतो. मी त्याच्या उजवीकडे जाऊन त्याच्यावर इतकं ओरडले की लोक थांबले. बस कुठली, त्याला खरंच कळत नव्हतं. माझं तोंड बघून तो बिचारा सॉरी म्हणाला.

आता एका चित्राबद्दल.

मी जुन्या छापचित्रांचा अभ्यास करते. या शहरात आले तीच पोस्टडॉक म्हणून, आणि इतकी वर्षं ज्याच्यावर पोट भरलं त्यातलं एक चित्र आमच्या हॉलमध्ये टांगलंय. अर्थात छापील प्रत, पण चांगली. रेनेसाँच्या काळातलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं. विषय त्याहीपूर्वीच्या इतिहासातला. एका जर्मन गावाला राजाने वेढा घातला. गाव हरलं. पुरुषांना मारायचं ठरलं, पण बायकांना राजाने सांगितलं की पाठीवर उचलून नेता येईल तेवढं घ्या आणि निघा. दुसऱ्या दिवशी वेशीचा दरवाजा उघडला आणि बायका बाहेर आल्या, पाठीवर नवऱ्यांना घेऊन. राजाने शब्द पाळला. इतिहास म्हणून सांगतात, खरंखोटं कुणाला माहीत.

चित्रात उजवीकडे राजा घोड्यावर, त्याच्यामागे सैन्य. डावीकडे वेस आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या बायका. या कामात रंग नसतो, शाईत पाणी घालून फिकी छटाही करता येत नाही. पोलादी कोरणी तांब्यात ढकलायची, चरी पडते, चरीत शाई भरायची, वर ओला कागद दाबायचा. काळी रेघ आणि कोरा कागद, एवढंच भांडवल. म्हणजे उजेड काढता येत नाही, तो सोडावा लागतो. हे मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते आणि ते वहीत लिहून घेतात.

राजाच्या बाजूच्या रेघा लांब, ऐसपैस, एकमेकींपासून सुटलेल्या. घोड्याच्या पोटावरून त्या अशा वळतात की हात फिरवावासा वाटतो. वरचं आभाळ जवळजवळ कोरं. वेशीच्या तोंडाशी मात्र रेघांवर रेघा, त्यांच्यावर तिरप्या आणखी रेघा, बारीक जाळी होऊन गच्च काळोख. त्यातून बायका येतात त्या तुकड्यातुकड्यांनी. एक कोपर, एक गुडघा, कुणाच्या तरी लोंबणाऱ्या टाचा. प्रथम बघणाऱ्याला वाटतं, उजेड राजाचा आणि अंधार हरलेल्यांचा. काम देणाऱ्यालाही तसंच वाटलं असणार आणि तो खूश झाला असणार. पण नीट बघत राहिलं तर दिसतं की अख्ख्या कागदावर सगळ्यात कोरी जागा राजाच्या चिलखतावर नाहीच. ती सगळ्यात पुढच्या बाईच्या पोटरीवर आहे. तिने पाऊल पुढे टाकलंय, सगळं वजन त्या पायावर आलंय, आणि तिथे कोरणाऱ्याने कोरणी लावलेलीच नाही. कडेची एक रेघ फक्त, वर बारीक, खाली येताना जाड, वजन पायात उतरतं तशी. राजाचं बोट, भाल्यांचा कल, घोड्याचे टवकारलेले कान, सगळं तिच्याकडे निघालेलं. माझा अख्खा प्रबंध त्या पोटरीवर उभा आहे.

नवऱ्याला त्याचं भारी हसू यायचं. "तुझ्या रेघोट्या," म्हणायचा. पाहुण्यांना चित्र दाखवून सांगायचा, "ही मला उचलून नेणार आहे बरं का." मी म्हणायचे, आधी पोट कमी कर.

तर एका दुपारी तो काठी घेऊन त्या चित्रासमोर उभा होता. मी डावीकडे, नियमाप्रमाणे.

"हा राजा कुणाकडे बघतोय?" त्याने विचारलं.

"तूच सांग."

तो बराच वेळ बघत राहिला. "कुणाकडेच नाही. समोर कोणी नाही त्याच्या. एवढा हात लांब केलाय, आणि पुढे काहीच नाही." मग जरा वैतागून म्हणाला, "चित्र अर्धवट राहिलंय का गं?"

ताटात त्याला काही अर्धवट वाटलं नव्हतं. आरशातला स्वतःचा चेहरा अर्धवट वाटला नव्हता. रस्ता नाही, बस नाही. पण राजाच्या बोटाची रेघ कुठेतरी निघालीय आणि पोचत नाहीये, हे त्याला टोचलं होतं. चारेकशे वर्षांपूर्वी कुणी तरी माणसाने तांब्यात कोरलेली ती ओढ त्याच्या अर्ध्या जगातही जिवंत होती. मला वाटलं, मिळाली फट. आता इथूनच आत शिरायचं.

मी खनपटीलाच बसले. रोज त्याला चित्रासमोर उभा करायचे. सांगायचे की डावीकडे बायका आहेत, अख्खं गाव आहे, तू वर्षानुवर्षं पाहिलेल्या बायका आहेत. तो सभ्यपणे म्हणायचा, "असतील." वाद घातला तर कारणं द्यायचा. मालकाने मध्येच काम थांबवलं असेल, कागद फाटला असेल. "तू मला वेडा ठरवायला निघालीयस," असं एकदा म्हणाला आणि काठी आपटून आत गेला. त्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होतं. घरातली एक बाई रोज भिंत दाखवून म्हणते, इथे माणसं आहेत.

मग मी आणखी एक करून पाहिलं. पत्र्यावर कोरताना सगळं उलटं कोरतात, कारण छापताना बाजू फिरतात. म्हणजे पत्र्यावर राजा डावीकडे असणार आणि बायका उजवीकडे. मी लॅपटॉपवर चित्र तसं फिरवलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"अरे वा," तो म्हणाला, "हे कुठलं?"

त्याला बायका दिसल्या. सगळ्या दिसल्या. माझे विद्यार्थी बघत नाहीत इतकं त्याने बघितलं. हिचे दात आवळलेत, म्हणाला. हिचा नवरा जड आहे, बघ, तिच्या मानेवरच्या रेघा कशा चेपल्यात. पोटरीपाशी येऊन थांबला आणि म्हणाला, "इथे त्याने काही केलंच नाही. सगळा उजेड हिच्या पायात सोडलाय." माझा प्रबंध त्याने एका वाक्यात सांगितला, हसत हसत. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"पण या चालल्यात कुठे? यांच्यापुढे तर काहीच नाही."

राजा आता डावीकडे होता. मी लॅपटॉप मिटला. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. एका चित्रात समोर कोणी नसलेला राजा, दुसऱ्यात कुठेच न जाणाऱ्या बायका. दोन्ही मिळून एक गोष्ट आहे हे या माणसाला जन्मात कळणार नाही असं मला वाटलं, आणि तसं वाटल्यावर मी त्याचा खरोखर तिरस्कार केला. थोडा वेळच, पण केला.

त्याच आठवड्यात एका मैत्रिणीने फोनवर फार प्रेमाने म्हटलं, "तू पण त्या तुझ्या चित्रातल्या बायकांसारखीच आहेस गं." मी फोन ठेवून दिला. त्या बायकांचं कौतुक करणं सोपं आहे, कारण चित्र वेशीपाशीच संपतं. पुढचं कुणी कोरलेलं नाही. वेशीबाहेर पडल्यावर त्यांनी नवऱ्यांना कुठे खाली ठेवलं? संध्याकाळी परत उचललं का? राजा दिसेनासा झाल्यावर त्यांचे ते नवरे निदान उतरून चालायला लागले असतील. ते धडधाकट होते. मी वर्षानुवर्षं त्या पोटरीवर व्याख्यानं दिली आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही.

थेरपिस्टला मी हे सगळं सांगितलं, चिडूनच. तिने हॉलमधलं चित्र जवळ जाऊन पाहिलं. मग म्हणाली की त्याला डावीकडे बघ असं सांगू नका. त्याच्या लेखी ती जागाच नाही, तर तिकडे तो बघेल कसा? उजवीकडून धरता येईल असं काही द्या, आणि ते सोडू देऊ नका.

तसं काही त्या चित्रात आहे हे मला माहीत होतं. घोड्याच्या पुढच्या खुरापासून जमिनीची एक रेघ निघते. कोरणारे लोक वळण आलं की हात वळवत नाहीत, खाली चामड्याची उशी असते, तिच्यावर पत्राच फिरवतात. त्या रेघेसाठी त्याने पत्रा न थांबता फिरवलेला असणार, कारण ती कुठेही तुटत नाही. दगडाला वळसा घालते, गवतातून खाली उतरते, पडलेल्या ढालीखालून जाते आणि थेट त्या बाईच्या पुढच्या पावलाखाली शिरते.

मॉलमधल्या दुकानातून मी चित्राची मोठी प्रत काढून आणली. जेवणाच्या टेबलावर पसरली, चारी कोपरे चिकटवले. मुलगी शाळेत होती. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. त्याला खुर्चीत बसवलं, त्याच्या उजव्या हाताचं बोट धरून घोड्याच्या खुरावर टेकवलं आणि सांगितलं, "ही रेघ धर. सोडायची नाही. कुठे जाते बघ." मग मी डावीकडे जाऊन बसले आणि तोंड बंद ठेवलं. माझ्यासाठी तेच सगळ्यात अवघड.

दगडापर्यंत बोट सहज गेलं. वळसा घालून कागदाच्या मध्यापाशी आलं आणि थांबलं. "संपली," तो म्हणाला. त्याने रेघ पुन्हा चाचपली. तिथे ती संपत नाही हे बोटाखालच्या शाईला माहीत होतं. हिशेब जुळत नसला की तो ओठ बाहेर काढतो, तसा काढला. बोट केसभर पुढे सरकलं. मग आणखी थोडं. त्याची मान वळली नव्हती, नजर अजून दगडापाशीच होती, पण बोट गवतात उतरलं, ढालीखालून गेलं, आणि बोटामागे नजर यायला लागली. ओढत आणल्यासारखी.

बोट पावलावर येऊन थांबलं.

तो खूप वेळ त्या पावलाकडे बघत होता. मग घोटा, मग पोटरी. मग वर, तिच्या वाकलेल्या कमरेवरून पाठीवरच्या माणसापर्यंत. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्याने बोट उचललं, राजाकडे नेलं, पुन्हा रेघ धरून परत आणलं. बाई तिथेच होती. पुन्हा गेला, पुन्हा आला. ती तिथेच होती.

"या त्या लॅपटॉपवरच्या बायका," तो म्हणाला.

"हो."

"राजा यांच्याकडे बघतोय."

"हो."

"हे आधीपासून होतं?"

"होतं."

"घरातल्या चित्रात पण?"

"पहिल्यापासून आहे. ते चित्र लावायला भिंतीत खिळा तू ठोकलास."

मला उड्या मारायच्या होत्या. थेरपिस्टला फोन करायचा होता, मुलीला शाळेतून उचलून आणायचं होतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी बसून राहिले. एवढा घाबरलेला तो मला कधी दिसला नव्हता. स्ट्रोक झाला त्या सकाळीही नाही.

"मग आणखी काय काय आहे?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे चित्रात एवढं होतं आणि मला दिसत नव्हतं. घरात काय आहे? रस्त्यावर काय आहे?" आवाज चढत गेला. "आणखी किती आहे, जे मला दिसत नाही?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण याच प्रश्नासाठी मी इतके दिवस जीव काढला होता. "बरंच आहे," मी म्हटलं, आणि सांगायला लागले. खिडकी आहे, तिच्यात तुझी तुळस आहे. पुस्तकांचं कपाट आहे. तुझा डावा हात टेबलावर आहे, त्याच्यावर भाजल्याचा डाग आहे, चहाचा कप लागला होता. तो ऐकत होता. अपघातानंतर कोण कोण गेलं ते ऐकावं तसा.

"थांब," तो म्हणाला. "पुरे. नको सांगूस." उजव्या हाताने त्याने डोळे पुसले. "तू कुठे आहेस? तू इकडे ये ना. उजवीकडे ये. मला तू दिसायला हवीस."

मी खुर्चीवरून अर्धी उठलेही. पलीकडे जायला कितीसा वेळ लागतो. गेले असते तर तो माझ्याकडे बघून हसला असता, मी त्याचे हात धरले असते, आणि घटकाभराने आम्ही दोघं पुन्हा आनंदी झालो असतो.

मी परत खाली बसले.

"मी इथेच आहे," मी म्हटलं. "तू बघ."

त्याने प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. मान हळूहळू वळत मधोमध आली आणि थांबली. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, डोळे फाडून, सगळा जीव एकवटून. त्याची नजर जिथे थांबली होती, तिथून मी थोडीच पुढे होते.